नवऱ्याने केलेलं रुखवत

वैशाखात संध्याकाळी आमच्या रस्त्यावरून एकाच वेळी दोन-तीन वराती निघतात. प्रत्येकीचा बँड वेगळं गाणं वाजवत असतो. सिग्नलपाशी त्या एकमेकींना भेटल्या, की आपण कुठल्या तालावर चालायचं हे घोड्यांना कळेनासं होतं. एखादा घोडा सरळ थांबतो. त्या थांबलेल्या घोड्याबद्दल मला फार आपुलकी वाटते. मोगऱ्याचा वास, जनरेटरचा धूर, आंब्याच्या पेटीतलं गवत आणि कुणाच्या तरी मावशीचं अत्तर असं सगळं एकदम नाकात शिरलं, की माझंही तसंच होतं. सगळं जग काहीतरी ठरवून निघालंय आणि काय ठरलंय ते मला एकट्याला सांगायचं राहून गेलंय, असं वाटत राहतं.

यंदा तर लग्न घरातच आहे. मुक्ताचं, म्हणजे आमच्या मुलीचं. लग्न सध्या तिच्या मोबाइलमध्ये आहे आणि आम्ही दोघांनी ते चष्मे लावून बघायचं असतं. "बाबा, हा आयव्हरी आणि हा ऑफव्हाइट. सांगा कुठला?" मला दोन्ही पांढरे दिसतात. मी एकाकडे बोट दाखवतो, ती म्हणते, "तो बॅकग्राउंड आहे." परवा तिने विचारलं, "तुमच्या लग्नाची थीम काय होती हो?" मी म्हटलं, "भीती." तिला वाटलं मी विनोद केला.

मग तिने मोबाइलवर रुखवताचे फोटो उघडले. आता रुखवत तयार मिळतं. छोटी पालखी, छोटं जातं, नऊवारीतली इवलीशी बाहुली; फोन केला की घरपोच. बघता बघता तिने मोबाइल बाजूला ठेवला आणि आईकडे वळून म्हणाली, "पण आई, तू असताना मी विकत का आणायचं? अजून सगळे सांगतात ना, उज्ज्वलाच्या रुखवतासारखं रुखवत कांदिवलीत झालं नाही म्हणून."

उज्ज्वलाने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "आता डोळे साथ देत नाहीत गं," ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं.

वस्तुस्थिती अशी आहे की माझी बायको रुखवतासाठी प्रसिद्ध आहे, आणि माझ्या बायकोला कात्रीने वर्तमानपत्रही सरळ कापता येत नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये ऐंशीच्या दशकातला एक मे महिना आहे. तो माझ्या अंगावरून गेला, पण पूर्ण कळला असं मला अजूनही म्हणता येणार नाही.

त्या मे महिन्यात मी कांदिवलीहून दर शनिवारी मुलुंडला जात होतो. लग्न ठरलं होतं. उज्ज्वला तिथली; घाटकोपरच्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. स्टेशनजवळच्या उडप्याकडे आम्ही समोरासमोर बसायचो. रस्त्यावर ती मला "तुम्ही" म्हणायची आणि हॉटेलचा पंखा डोक्यावर आला की "तू". या बदलाची मला इतकी सवय झाली होती की पंखा दिसला की मला लाजल्यासारखं व्हायचं.

असाच एक शनिवार. तिने डोसा अर्धा ठेवला आणि म्हणाली, "रुखवताचं काय करायचं रे?"

"काय करायचं म्हणजे?"

"मावशी मागे लागलीये. लोकरीचं तोरण, मण्यांचा हत्ती, साखरेचा बंगला, काहीतरी टेबलभर पाहिजे म्हणते. मला साधी गाठ मारता येत नाही. शाळेत शिवणाच्या तासाला बाई मला फळा पुसायला पाठवायच्या."

"मग नको करू. मला नकोय रुखवत."

"तुला नको असून काय उपयोग? बघणार तुझी आई. बघणार तुझी आत्या." ती ताटातली चटणी बोटाने इकडून तिकडे करत राहिली. "टेबल रिकामं दिसलं ना, की एकच वाक्य येणार. आई नाही ना, कोण शिकवणार बिचारीला. मला काय वाटेल ते बोलोत, मी ऐकून घेईन. माझ्या आईचं नाव त्यात निघायला नको."

उज्ज्वलाची आई ती शाळेत असतानाच गेली होती. त्याबद्दल ती तोवर माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. जे बोलली ते हे, डोशाच्या ताटाकडे बघत. एखाद्या समंजस माणसाने अशा वेळी गप्प राहून तिचा हात धरला असता. किंवा घरी येऊन सरळ आपल्या आईच्या कानावर घातलं असतं. मी म्हटलं, "मी करतो."

"काय?"

"रुखवत."

पत्रात एखादा शब्द चुकून दोनदा टाइप झाला की टायपिस्ट जशी बघत असेल, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. "अरे, नवरामुलगा रुखवत करतो का कुठे? आपलं आपणच करायचं नि आपल्याच आईने येऊन बघायचं? वेडा आहेस का?"

"कुणाला कळणार आहे?"

हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा म्हटलेलं आहे आणि प्रत्येक वेळी कुणालातरी कळलेलं आहे.

माझ्याकडे अगदीच काही भांडवल नव्हतं असं नाही. माझे वडील छापखान्यात बायंडर होते. पुठ्ठा कसा वाकवायचा, कागदाची कड बोटाने कशी चापायची आणि खळ कशी शिजवायची, हे त्यांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. आमच्या बिल्डिंगमधला आकाशकंदील दरवर्षी आमच्याच घरातून निघायचा. बाबा गेल्यावरही मी तो करत होतो. त्यामुळे आपल्याला कलादृष्टी आहे असा माझा समज झाला होता. ही दृष्टी किती खोल होती हे सांगायचं तर एवढंच सांगतो, की लग्नासाठी मी तपकिरी रंगाचा थ्री-पीस सूट शिवायला टाकला होता. टेलरने मापं घेताना विचारलंही, "लग्न काय महाबळेश्वरला आहे?"

त्या काळी लग्नात हौस म्हणजे काय, तर थर्माकोलचा बदाम कापून त्यावर चमकीने दोघांची नावं लिहायची. दारात गुलाबपाण्याची फवारणी, सोबत गुलाबाची कळी आणि पेढा. ज्यांचं जरा बरं असेल त्यांच्याकडे नव्यानेच आलेलं व्हिडिओ शूटिंग. रुखवतात साखरेच्या चौकोनी वड्यांचा बंगला असायचाच. आमची राहायची खोली एक, आणि तरी प्रत्येक मुलगी बंगला घेऊन सासरी यायची. मला हे सगळं फार ठोकळेबाज वाटत असे. आपल्या लग्नात जे असेल ते आपलं असलं पाहिजे, खर्चिक नसलं तरी चालेल, पण बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हे उज्ज्वलाचंच. आज मुक्ता यालाच "पर्सनल टच" म्हणते. तेव्हा हा शब्द माझ्याकडे असता, तर मी कदाचित शब्दावर भागवलं असतं. शब्द नव्हता, म्हणून मी टाइपरायटर करायला घेतला.

कारखाना उघडला बोरिवलीच्या गावठाणात, पास्कलच्या ओसरीवर. पास्कल माझ्या ऑफिसातला, गावठाणातला पिढीजात रहिवासी. दर नाताळला त्याच्या दारातला येशूजन्माचा गोठा बघायला सगळं गावठाण लोटतं. त्याला माझी योजना ऐकून जराही नवल वाटलं नाही. "गोठा काय नि रुखवत काय, एकच ना रे," तो म्हणाला. "लोक रांगेनं येणार, बघणार, नि नावं ठेवून जाणार. बस खाली."

ओसरीवर चिंचेची सावली होती, शेजारी डुकरांचं खुराडं, समोर विहीर. मेमध्ये त्या विहिरीचं पाणी खाली गेलं की दोराचा आवाज लांबत जायचा. तो आवाज ऐकत आम्ही पुठ्ठा कापायचो. यंत्राचा सांगाडा पुठ्ठ्याचा, वर सोनेरी बेगडी कागद. रोलर म्हणून कापडाच्या ताग्यातली नळी. रोलरमधून बाहेर आलेला कागद म्हणजे तांदळाचा पातळ पापड, त्यावर कुंकवाने आमची नावं. आणि बटणं बत्ताशांची. प्रत्येक बत्ताशावर काळ्या कागदातून कापलेलं एकेक मराठी अक्षर. बत्तासे चिकटवायला बाबांची खळ. बाबा खळीत चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे पुस्तकांना झुरळं लागत नाहीत. बोरिवलीतल्या मुंग्या बघून मी चिमटीऐवजी मूठ वापरली. मोरचूद विषारी असतं हे मला माहीत होतं. पण शोभेची वस्तू कोण खातंय, असा माझा हिशेब होता. लग्न झाल्यावर रुखवतातलं गोडधोड मुलाकडे येतं आणि बिल्डिंगभर वाटलं जातं, ही गोष्ट मी जन्मापासून बघत आलो होतो. ती त्या वेळी माझ्या डोक्यातून कुठे गेली होती, देव जाणे.

घरी मी ओव्हरटाइम सांगत होतो. एकदा जेवायला बसलो असताना आईने हात पुढे करून माझ्या कानामागून बेगडीचा सोनेरी तुकडा काढला. उजेडाकडे धरून बघितला आणि फडताळावर ठेवून दिला. "लग्नाआधी एवढा ओव्हरटाइम करू नये," ती म्हणाली. "रंग उडतो." मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. तिला तेव्हाच काही कळलं होतं का? कितीदा मी तो घास परत आठवून बघितलाय. दर वेळी आईचा चेहरा वेगळा दिसतो.

उज्ज्वला एका रविवारी बोरिवलीला बघायला आली. मी मोठ्या ऐटीत वरचं फडकं उचललं. ती बघतच राहिली.

"हे काय?"

"टाइपरायटर."

"ते दिसतंय रे. मी दिवसभर तेच बडवते, आता लग्नातही तेच मांडून ठेवू?"

"अगं, पण तुझं आहे ना हे! बंगला काय, कुणाचाही असतो."

"लोक सरळ बंगला करतात. का करतात ते तुला कधी कळणार?" असं म्हणत तिने दोन्ही हात पुढे केले आणि बत्ताशांना न टेकवता हवेतच बोटं चालवली, भराभर, ऑफिसात चालवत असेल तशी. मग थांबली. "ळ चुकीच्या जागी लावलायस." मी ळ काढून जिथे तिने सांगितलं तिथे लावला. त्यानंतर ती पास्कलच्या ओसरीच्या पायरीवर विहिरीकडे तोंड करून बसून राहिली. मी धरून चाललो की तिला आवडलेलं नाही. पास्कल धरून चालला की फार आवडलंय. आमच्यातला कोण बरोबर होता ते विचारायचं दोघांनाही धैर्य झालं नाही. शेवटी पास्कल आत गेला आणि नाताळच्या गोठ्यातल्या मातीच्या मेंढ्या घेऊन आला. "हे माझ्याकडून," तो म्हणाला. "वहिनीला भेट. यंत्र कसं एकटं-एकटं दिसतं."

हळद लागल्यावर नवऱ्यामुलाने उंबरा ओलांडायचा नसतो, त्यामुळे रुखवत मुलुंडला पोचवायचं काम पास्कलवर आलं. त्याच्या मामाचा टेम्पो गोराईहून सुके बोंबील वाहायचा. आरेतून, पवईच्या तलावाकाठून तो टेम्पो मुलुंडला गेला. पास्कलने वाटभर आत उदबत्त्या लावून ठेवल्या होत्या. इकडे मी अंगभर हळद फासून घरात बसलो होतो. आयाबाया गाणी म्हणत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे टेम्पोचा एकेक खड्डा येत होता. "नवरा घाबरलाय गो," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

मुक्ताला मी त्या दिवसाचं काय सांगू? तिच्या डेकोरवाल्या मुलीने परवा आम्हाला विचारलं, "अंकल, मंडपात शिरल्यावर तुम्हाला पहिलं काय फील व्हायला हवं?" मी विचार केला. माझ्या लग्नात मंडपात शिरल्यावर मला पहिला आला तो बोंबलाचा वास. दुसरं दिसलं ते रुखवताचं टेबल. पांढरी चादर, मधोमध सोनेरी टाइपरायटर, आणि त्याच्या रोलरवर ओळीने चढवलेल्या पास्कलच्या मेंढ्या. पुढे उभं केलेलं कार्ड: "चि. सौ. कां. उज्ज्वला हिने स्वहस्ते तयार केलेले रुखवत." अख्ख्या टेबलावर तिने स्वहस्ते केलेली वस्तू एकच, ते कार्ड. फार सुबक टाइप केलं होतं.

अक्षता पडल्या, हार घातले गेले. मी तपकिरी सुटात शिजत लाल मखमली खुर्चीवर बसलो होतो. शेजारी उज्ज्वला, हिरव्या शालूत. समोर आहेर देणाऱ्यांची रांग. रांगेच्या फटीतून मला टेबल दिसत होतं. उज्ज्वलाच्या मावशी माझ्या आईला आणि आत्याला मानाने रुखवत बघायला घेऊन आल्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. मालवणहून खास आलेली, आणि आमच्या घराण्यात नावं ठेवण्याचा शेवटचा अधिकार तिचा. व्हिडिओवाला त्यांच्या मागोमाग आपला दिवा घेऊन गेला. दिवा कसला, सूर्यच तो. त्याने तो थेट यंत्रावर रोखला.

"ह्यां काय गो?" आत्या म्हणाली. "मशीन? नि मशीनीवर मेंढरां कित्याक?"

मावशी म्हणाल्या, "मुलगी ऑफिसात आहे ना. म्हणून."

"मेंढरांच्या हापिसात?"

उज्ज्वलाने आहेराचं पाकीट हातात तसंच धरून ठेवलं. पाकीट देणारे काका पुढच्या हस्तांदोलनासाठी हात लांब करून उभे.

तेवढ्यात त्या दिव्याच्या धगीने बत्ताशांना घाम फुटायला लागला. प्रत्येक अक्षराच्या कडेने एक ओलसर निळसर-हिरवी रेघ बाहेर येत होती. मी बसल्या जागेवरून ती रेघ ओळखली: मोरचूद. आई वाकली. तिने चष्मा वर केला आणि अगदी जवळून, नाक लावून बघितलं. बाबांच्या नखांच्या कडेला हाच रंग बसलेला असायचा. सदऱ्याच्या बाह्यांना लागायचा. रविवारी सकाळी आई तो साबण लावून चोळत बसायची आणि तो कधीच पूर्ण जायचा नाही. ती वाकली ती तशीच राहिली. आणि तिच्या खांद्यावरून आत्याचा हात पुढे आला. "बत्तासो बरो दिसता," आत्या म्हणाली. "वायच तोंडात घालून बघतंय." तिने क उपटला.

मी उभा राहिलो. मुंडावळ्या हलल्या. "आत्या, खाऊ नको! विष आहे त्यात!"

सनईची टेप चालूच होती, म्हणून मंडप अगदीच गप्प झाला असं म्हणता येणार नाही. पण बाकी सगळं थांबलं. आत्याचा हात तोंडाशी थांबला. व्हिडिओवाल्याने सूर्य माझ्यावर फिरवला.

"मेल्या," आत्या म्हणाली, "लग्नाच्या दिवशी विष म्हणतंस? नि तुका कसा कळला त्यात काय आसा तां?"

हा प्रश्न रास्त होता. मावशींचा चेहरा पांढरा पडला. शेजारच्या खुर्चीत उज्ज्वलाने माझी बाही पकडली. पुढचं वाक्य काय येणार ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सुनेला येत नाही, म्हणून नवऱ्याने करून दिलं; आणि त्याच्या मागून ते दुसरं, जे तिला ऐकायचं नव्हतं. मला काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून जे निघालं ते असं: "म्हणजे... पुस्तकाला लावतात."

आई सावकाश सरळ उभी राहिली. चष्मा नाकावर नीट बसवला. आत्याच्या हातातून बत्तासा काढून घेतला आणि यंत्रावर त्याच्या जागी दाबून बसवला.

"मोरचूद आहे, वन्सं," ती म्हणाली. "खळीत घातलंय. मीच सांगितलं होतं उज्ज्वलाला, झुरळं लागतात म्हणून. विलाससमोरच सांगितलं, म्हणून त्याला माहीत."

"म्हणजे ह्यां तू शिकयलंस हिका?"

"मग दुसरं कोण शिकवणार? माझी सून आहे. लग्न ठरल्यापासून शिकवतेय." आणि आईने मान वळवून त्या सगळ्या गर्दीतून नेमकं माझ्याकडे बघितलं. "हात चांगला आहे. मोरचूद मात्र जरा जास्त झालंय."

आत्याने एकदा आईकडे, एकदा यंत्राकडे बघितलं. "माझ्या भावाची खळ," ती म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. मग बऱ्याच जणींनी लावला. उज्ज्वला तर अशी रडायला लागली की पाकीट देणारे काका हस्तांदोलनावाचूनच निघून गेले. सासरी जायची वेळ अजून लांब होती, पण मुलीचं लग्न म्हटल्यावर रडण्याचं कारण कुणी विचारत नाही.

मी मात्र विचारलं. आजवर विचारत आलोय. कधी ती म्हणते, सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडले. कधी म्हणते, शिकवणारी म्हणून दुसऱ्या कुणाचं नाव लागलं, त्यानं आईची आठवण आली. एकदा म्हणाली, तुझा सूट बघून. तिन्ही वेळा ती तितक्याच गंभीरपणे बोलली, त्यामुळे यातलं खरं कुठलं ते मला ठरवता आलेलं नाही.

आणि आईला कुणी सांगितलं? लग्नानंतर काही दिवसांनी ती तांदूळ निवडत असताना मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "आई, तुला आधीच माहीत होतं?"

"काय?"

"रुखवताचं."

"उज्ज्वलाने केलं ते? ते सगळ्यांनाच माहीत आहे." तिने तांदळातला खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "टाक बाहेर."

उज्ज्वलाला वाटायचं मीच फुटलो. मला वाटायचं तीच बोलली असेल. पास्कलने तर गळ्यातल्या क्रूसाला हात लावून सांगितलं की त्याने माझ्या आईशी आयुष्यात फक्त "नमस्ते आंटी" एवढंच बोलणं केलंय. मग ते त्या रेघेवरून कळलं म्हणावं, तर एवढं सगळं, लग्न ठरल्यापासूनच्या शिकवण्यासकट, तिने त्या एवढ्याशा वेळात रचलं कसं? आई आता नाही. असती तरी सांगितलं नसतं. आपल्या लग्नातली सगळ्यात देखणी गोष्ट कुठली, असं त्या डेकोरवाल्या मुलीने विचारलं तर मला उत्तर येतं. ती आईची थाप होती. पण असल्या गोष्टी आधी ठरवून मांडता येतात का, किती खर्च करायचा, आणि त्या कुठल्या रंगात शोभतात, हे मला काही सांगता यायचं नाही.

मुक्ताला अजून खरं सांगितलेलं नाही. काल उज्ज्वला तिला म्हणाली, "बरं, करते मी." म्हणजे मी. रात्री स्वतःचे पाय चोळताना मी कुरकुरलो, तर म्हणाली, "अरे, नाव मी सांभाळलं इतकी वर्षं. तू नुसतं काम करतोस."

यात तथ्य आहे. कारण त्या लग्नाने प्रकरण संपलंच नाही. पुढच्या लग्नसराईत आत्या परत मालवणहून आली, तिच्या मुलीचं लग्न ठरवून. दारातूनच म्हणाली, "रुखवत उज्ज्वलाच करतली. ठरला म्हणजे ठरला." उज्ज्वलाने पाण्याचं तांब्याभांडं तिच्याऐवजी माझ्यापुढे धरलं. मी काही बोलणार तोच आई म्हणाली, "करेल की. तिला काय अवघड आहे?"

आमच्या बिल्डिंगला लांबलचक कॉमन गॅलरी होती. प्रत्येक खिडकी गॅलरीत उघडायची, आणि प्रत्येक खिडकीत डोकावल्याशिवाय कुणाला पुढे जाता येत नसे. रविवारी सकाळी आईने पुढचं दार लावून घेतलं. खिडकी मात्र सताड उघडली. खिडकीशी खुर्ची ठेवली आणि उज्ज्वलाला त्यावर बसवलं, हातात कात्री आणि एक निळा कागद देऊन. मला खिडकीच्या खाली भिंतीला टेकून जमिनीवर बसायला सांगितलं. पुठ्ठे माझ्या मांडीवर ठेवले. स्वतः मधे पाट घेऊन बसली. यावर आमच्यात काहीच बोलणं झालं नाही. आई अशा सराईतपणे मांडामांड करत होती, की हे घर वर्षानुवर्षं असंच चालत आलंय असं मला वाटायला लागलं. मी वर उज्ज्वलाकडे बघितलं. तिने खांदे उडवले. तिलाही ठाऊक नव्हतं.

गॅलरीतून शेजारच्या काकू आल्या आणि गजाला हात धरून थांबल्या. "अगंबाई! केवढं बारीक काम करतेस गं उज्ज्वला!"

उज्ज्वला निळ्या कागदाचे वाटेल तसे तुकडे करत होती. "सासूबाई शिकवतात ना," ती म्हणाली.

"कड वाकडी जातेय बघ तुझी!" आई मोठ्याने ओरडली. मी खाली बसून माझी कड सरळ केली.

"नशीबवान आहात हो," काकू आईला म्हणाल्या. "आणि विलास कुठे? रविवारचा दिसत नाही तो?"

मला वाटतं, मी नकळत जरा वर झालो असेन.

"त्याचं काय सांगता," आई म्हणाली. "उंडारत असेल कुठेतरी. पुरुषांना घरातल्या कामाचं काही असतं का?" आणि काकूंशी बोलता बोलता तिने हात मागे घेऊन माझं वर आलेलं डोकं खाली दाबलं. डोकं खाली गेलं. काकूही गेल्या, त्यांच्या चपलांचा आवाज गॅलरीच्या टोकापर्यंत गेला. तरी तो हात बराच वेळ माझ्या डोक्यावर तसाच होता, आणि ती मला दाबून धरतेय की थोपटतेय ते काही मला कळेना, म्हणून मी हललोच नाही.